खिशातल्या शेंगा

माझे मामा बेंबळीला राहतात. शौचातून रक्त जाऊ लागलं, तेव्हा धाराशिवच्या डॉक्टरांनी मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी सांगितली. आधीचे दोन दिवस बियांचं, सालीचं, दाण्याचं काही खायचं नव्हतं. आदल्या संध्याकाळी पोट साफ करणारं औषध पाण्यातून प्यायचं होतं. मामा एका अटीवर तयार झाले: हे एकदाच.

मामींसह ते माझ्याकडे मुक्कामाला आले. मऊ भात आणि ताक त्यांनी तक्रार न करता घेतलं. औषध प्यायल्यावर मात्र डॉक्टर, औषध बनवणारे आणि मी, अशा तिघांबद्दल त्यांनी मत नोंदवलं. ते मत नंतर बराच वेळ संडासाच्या दारामागून ऐकू येत होतं. मामी बाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि अधूनमधून "व्हय, व्हय" म्हणत होत्या.

सकाळी तपासणी चालू असताना डॉक्टरांनी मला आत बोलावलं. स्क्रीनवर आतड्याच्या एका वळणावर शेंगदाण्याचे तुकडे आणि लाल सालपटं जमली होती. पुढचं काही दिसत नव्हतं.

"काका, शेंगा कधी खाल्ल्यात?"

मामा अर्धवट गुंगीत होते. "खाल्ल्या न्हाय. खिशात होत्या. बोलता बोलता तोंडात टाकल्या."

आमच्याकडे हे प्रामाणिक उत्तर आहे. खाणं ताटातलं असतं. गाडीची वाट बघताना खिशातून तोंडात जातं, त्याला कुणी खाणं म्हणत नाही. डॉक्टर याच जिल्ह्यातले असल्यामुळे त्यांनी वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा या, म्हणाले.

ते पाणी पुन्हा पिणार नाही, असं मामांनी दवाखान्याच्या पायरीवरच जाहीर केलं.

"मग रगत माझं जातंय व्हय?" मामींनी विचारलं.

गावी गेल्यावर मामींनी पोती शिवायचं दाभण काढलं आणि मामांच्या सगळ्या सदऱ्यांचे खिसे सुतळीनं शिवून टाकले. मामा आठवडाभर खिशाकडे हात नेत आणि परत आणत.

दुसऱ्या खेपेला आतडं स्वच्छ निघालं. रक्त साध्या मूळव्याधीचं होतं, बाकी भीतीचं काही नव्हतं. बाहेर आल्यावर मामी बाकावर बसल्या, मामांच्या खिशाची सुतळी दातानं तोडली आणि पिशवीतल्या मूठभर शेंगा आत घातल्या.

"खावा आता."

"खात न्हाय," मामा म्हणाले आणि टरफल फोडलं.