आत्याचं लुगडं आणि अंटार्क्टिकातल्या काठ्या

फोटो जुना आहे. लिहून घ्या माझ्याकडून.

माझी आतेबहीण सुलूताई गेली त्याला आज वर्ष झालं. सकाळीच तिच्या खात्यातल्या एका बड्या साहेबांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. अंटार्क्टिकाचा पांढराफटक बर्फ, त्यात रोवलेल्या बांबूच्या काठ्या, काठ्यांना बांधलेल्या हिरव्या चिंध्या.

खाली लिहिलंय, 'मॅडमचं काम जोरात सुरू आहे.'

मी रत्नागिरीच्या कोर्टात जमिनीच्या केसेस चालवतो. कोणी 'जोरात' म्हटलं की माझे कान टवकारतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुलूताई राजापूरची, आणि शास्त्रज्ञ कशाची, तर बर्फाची! आमच्या लहानपणी राजापुरात बर्फ बघायचा तर मासळीबाजारात नाहीतर गोळेवाल्याकडे. ही बया थेट दक्षिण ध्रुवाकडे गेली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

तिचं काम ऐकायला अगदी साधं. बर्फात काठ्या रोवायच्या. दरवर्षी जाऊन काठी किती बुडाली, किती उघडी पडली ते मोजायचं. त्यावरून बर्फ साचतोय की सरतोय ते कळतं. वेळेवर कोणी गेलं नाही तर काठ्या गाडल्या जातात आणि सगळी मेहनत पाण्यात.

पांढऱ्यावर काठी पटकन दिसत नाही, म्हणून ती चिंध्या बांधायची. माझ्या आत्याच्या, म्हणजे तिच्या आईच्या, जुन्या हिरव्या लुगड्याच्या.

ऑफिसातून नायलॉनच्या पट्ट्या मिळायच्या. पण बाई ऐकतील तर शपथ.

"आई जन्मात राजापूरच्या पलीकडे गेली नाही रे. तिला जरा फिरवून आणत्ये."

तिथल्या वाऱ्यात वर्षभरात चिंध्यांची लक्तरं व्हायची. मग पुढच्या फेरीला नव्या.

मी तिला कायम छळायचो. शेवटच्या मोहिमेवरून आली तेव्हा आजारी होती. मांडवीच्या किनाऱ्यावर दोघं समुद्राकडे बघत बसलो होतो. तिथेही सुरू झालो.

"ताई, खरं सांग. सरकार एवढा खर्च काय तुझ्या काठ्यांसाठी करतं?"

"मग कशासाठी?"

"जागा धरायला! आपल्याकडे भावकीत वाद लागला की हद्दीच्या दगडी गडग्याला आंब्याची दोन कलमं लावतात. आंबे खायला नव्हे, वहिवाट दाखवायला. तुमचं अंटार्क्टिकातलं स्टेशन म्हणजे ते कलम."

वाटलं, चिडेल. तर हसली.

"अर्धवट वकील आहेस. तिथे नव्याने जागा धरता येत नाही कोणाला, करारच आहे तसा. पण त्या करारात ज्यांचं मत मोजतात ना, त्यांना आधी खरोखरचं संशोधन दाखवावं लागतं. माझ्या काठ्या म्हणजे देशाची खुर्ची आहे तिथली."

"म्हणजे मी म्हणतो तेच की!"

"होय रे मेल्या, तेच. उत्तर ध्रुवाकडे तर बघूच नको. बर्फ वितळतोय, जहाजांना वाट मिळत्ये, खाली तेल. ज्याला त्याला अचानक शास्त्राचा पुळका आलाय."

"राग नाही येत तुला?"

"कलम कशासाठी लावलं ते लावणाऱ्याला विचार. मी पाणी घालत्ये. पाणी घातलं की आंबा धरतो. लावणाऱ्याच्या मनात काय होतं ते बघून धरत नाही."

मग समुद्राकडे तोंड करून म्हणाली,

"बाळ्या, माझ्यामागे कलम राहील. पाणी थांबेल. काठ्या गाडल्या गेल्या तर मी काय केलं रे आयुष्यभर?"



उठताना तिने पिशवीतून उरलेलं लुगडं काढून माझ्या हातात दिलं. "या वेळच्या चिंध्या मीच बांधून आल्ये. पुढे जाईल त्याला हे दे. आणि तू संशयी आहेस ना? मग विचारत राहा."

लुगडं मागायला कोणी आलं नाही.

शोकसभेला हेच साहेब आले होते. भाषणात देशाची उपस्थिती, देशाचं धोरण, देशाची मान. काठ्यांचं नाव नाही. चहाच्या वेळी मी गाठलं त्यांना.

"साहेब, काठ्या आता कोण मोजतं?"

"स्टेशन बारा महिने चालू आहे."

हे उत्तर मी ओळखतो. साक्षीदाराला विचारलं, कलमांना पाणी कोण घालतं, की तो म्हणतो, जमीन आमचीच आहे.

तर आजचा फोटो. आधी मला आनंदच झाला, डोळे भरून आले. मग सवयीने झूम केला.

चिंध्या कोऱ्या करकरीत. हिरवा रंग जसाच्या तसा, एकीवर तर आत्याच्या लुगड्याचा पिवळा काठसुद्धा स्पष्ट दिसतोय. अहो, उरलेलं लुगडं माझ्या कपाटात आहे! मग या ताज्या चिंध्या आल्या कुठून? या ताईनेच बांधलेल्या. फोटो तेव्हाचाच.

मी विचारलं, 'साहेब, फोटो कधीचा?'

निळ्या टिक आल्या. 'टायपिंग' दिसलं. गेलं. पुन्हा दिसलं.

उत्तर आलं: 🙏

एवढंच.

माझं चुकत असेल तर इथेच जाहीर माफी मागेन आणि साहेबांना घरी बोलावून मोदक खायला घालीन. देवाशपथ सांगतो, ही केस मला हरायची आहे.

लुगडं धुऊन, घडी करून ठेवलंय. यंदाच्या मोहिमेला जाणारं कोणी ओळखीत असेल तर कळवा. जहाज जिथून सुटेल तिथे आणून देतो.

सुलूताई, आज श्रद्धांजली लिहीत नाही. काठ्या दिसल्या की लिहीन.

तोवर नुसता नमस्कार गं.