रेघेपर्यंतचा समुद्र

त्या दिवशी ऊन असं होतं की म्युझियमच्या दारातला माझा लोखंडी स्टूल सावलीत असूनही त्यावर बसवेना. वारा नाही, ढग नाही, कावळेसुद्धा गप्प. आणि अशा दिवशी लातुरात समुद्र आला. टेंपोतून.

मी दारावरचा वॉचमन. स्टुलावर बसणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते पाचोळ्यासारखे आपोआप पायाशी येऊन साचतात. एरवी आमच्याकडं फुटक्या मूर्ती आणि गंजलेल्या तलवारी, त्यामुळं साचायलाही वेळ लागायचा. पण समुद्रकाठच्या आदिवासी लोकांच्या कलेचं प्रदर्शन लागलं अन् पंधरा दिवसांत ढीग झाला.

टेंपोतून जैबाई उतरली. डहाणूकडच्या एका पाड्यावरची, माझ्याच वयाची. शेणानं सारवलेल्या कापडावर तांदळाच्या पिठानं होड्या, जाळी, मासे काढायची. तिची लेक सुनंदा नव्या पद्धतीचं करणारी. तिनं किनाऱ्याला लागलेल्या जुन्या चपलांचा बैलगाडीएवढा मासा केला होता. सगळ्यात शेवटी जैबाईनं वाटभर मांडीवर धरून आणलेली काचेची बरणी खाली ठेवली. आत समुद्राचं पाणी. जेवढं पाणी तिथं तिनं बाहेरून पांढरी रेघ मारली अन् मला म्हणाली, "दादा, हे समुद्राकडनं उसनं आणलंय. परत नेऊन ओतायचंय. रेघेच्या खाली जाऊ देऊ नका."

मी झाकणाचं विचारलं. ती म्हणाली, "समुद्राला कुठं झाकण असतं?"

बरोबर होतं. मी शब्द दिला. तिथंच फसलो.

*

हॉलमध्ये कापडामागं स्पीकर लपवून लाटांचा आवाज लावलेला. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ तरातरा बाहेर आले. "आत नळ चालू राहिलाय अन् तुम्ही निवांत बसून राहिले?" आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी, माणूस चिडणारच. मी सावकाश समजावलं, की तो नळ नाही, समुद्र आहे.

"असू द्या की. पण बंद करा."

*

मग गल्लीत बातमी गेली की म्युझियमात दिवसभर पाणी चालू आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात घागरींची रांग. बायका घागरी लावून पलीकडं लिंबाच्या सावलीला बसल्या. तेवढ्यात म्युझियमचे मोठे साहेब आले. रांग बघितली, दोन पावलं मागं सरकून परत बघितली, अन् खूश झाले. सुनंदाबाईंनी हे कधी मांडलं, म्हणाले. मी सांगायला तोंड उघडेपर्यंत त्यांनी पाटी आणून समोर उभी केली: हात लावू नये.

ज्या बायकांना वाचता येत नव्हतं त्यांच्या घागरी लगेच घरी गेल्या. बाकीच्यांच्या दुपारपर्यंत प्रदर्शनात होत्या.

*

बांबूचा मासे धरायचा सापळा टांगला होता. भोकरहून आलेल्या एका आजीनं तो खालून वरून बघितला अन् साहेबांना सांगितलं की हे कोंबड्यांचं डालगं आहे, अन् उलटं टांगलंय. साहेबांनी शांतपणे समजावलं, मासा यात शिरतो, मग त्याला बाहेर येता येत नाही.

आजी म्हणाली, "आत बसून अंडी घालतो का?"

साहेब खरं बोलणारा माणूस. म्हणाले, एखादा घालतही असेल.

"मग डालगंच की."

*

चपलांच्या माशापुढं मुखेडचा एक शेतकरी अर्धा तास उभा होता. शेवटी मला हाताला धरून घेऊन गेला. शेपटीजवळची निळ्या पट्ट्याची चप्पल त्याची होती म्हणे. नांदेडला घाटावर पाय धुताना गोदावरीत वाहून गेलेली. शेजारी एक मास्तर होते, ते म्हणाले की गोदावरी पूर्वेच्या समुद्राला जाते, ही चप्पल पश्चिमेच्या समुद्रातली आहे.

तो म्हणाला, "मग वळसा घालून आली आसंल."

मास्तर हसले. दुसऱ्या दिवशी हा एसटीनं परत आला, पिशवीतून दुसऱ्या पायाची काढली. पट्टा तोच, झीज तीच. सुनंदानं विचारलं, तुमची काढून देऊ का? तो म्हणाला, न्हाई, हीसुद्धा लावा, जोडी फुटू नये. तिनं दोरा ओवला अन् लावली. त्यानंतर तो दिवसभर माशाजवळ उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, लांबून बघा.

*

इकडं माझा जीव बरणीत. ऊन पाणी पीत होतं. पाचव्या दिवशी रेघेखाली एक बोट, दहाव्या दिवशी तीन. कुणी भांडं बुडवून गेलं की काय म्हणून मी स्टूलच बरणीपाशी नेला. तरी एका टँकरच्या ड्रायव्हरनं माझ्यादेखत बोट बुडवलं अन् चाटलं.

म्हणाला, "बाबा, आमच्या बोअरपेक्षा गोड हाय."

जैबाई रोज चित्रांत गुंतलेली, बरणीकडं बघायची नाही. माझ्यावर सोपवलं होतं ना. त्यानंच जास्त लागायचं.

*

शेवटच्या दिवशी सकाळी मी मिठाचा पुडा घेऊन अंगणात बसलो. पाण्यात किती घालायचं ते कळेना. शेजारची काशीबाई लोणची-पापड करून विकते, मिठाचं तिला विचारावं म्हणून सगळं सांगितलं. तिनं पुडा माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला.

"भाऊ, मीठ कुठं जातंय? उडालं ते पाणीच."

नळ येऊन आठवा दिवस. माझा रांजण कोरडा. तिच्या घागरीत तळाला थोडं होतं, ते तिनं तांब्यात ओतलं अन् माझ्यापुढं ठेवलं. मी ते न सांडता म्युझियमपर्यंत नेलं. बरोबर रेघेला लागलं.

जैबाई निघताना बरणीपाशी आली. रेघ बघितली, बोट बुडवून जिभेला लावलं, अन् माझ्याकडं बघत राहिली. मला राहवलं नाही. म्हटलं, मावशी, यात एक तांब्या लातूरचा हाय. तिनं पदराचा काठ फाडून बरणीचं तोंड बांधलं, अन् मांडीवर घेऊन टेंपोत बसली.

संध्याकाळी काशीबाई रिकामी घागर घेऊन नळापाशी बसली होती. विचारलं, आता ती बाई सगळंच समुद्रात ओतणार का? मी म्हटलं, हाव, सगळं.

काशीबाईनं घागर उलटी करून बघितली, अन् म्हणाली,

"मग तिला सांगायचं न्हाई का, समुद्राकडं माझा एक तांब्या निघतो म्हणून?"