बर्फातल्या निळ्या गाडीचा तपास

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. पण डेझर्ट रोडवरच्या निळ्या गाडीचा तपास मला अजूनही पहिल्या फोनपासून शेवटच्या सहीपर्यंत सांगता येईल.

पुण्याहून न्यूझीलंडला आल्यावर मी इथल्या पोलीस दलात भरती झालो. बरीच वर्षं ऑकलंडमध्ये काढली आणि मग उत्तर बेटाच्या मधल्या पठारावर, एका छोट्या गावात डिटेक्टिव्ह सार्जंट म्हणून बदली झाली. हे सगळं घडलं २०१५ च्या आसपासच्या हिवाळ्यात. पठारावरून जाणारा डेझर्ट रोड बर्फ वाढला की अडथळे लावून बंद करतात. ताज्या बर्फापेक्षा आम्हाला धास्ती असायची ती डांबरावर गोठलेल्या पातळ थराची. तो डोळ्यांना दिसत नाही. त्यात वारा असा, की धावती गाडी आडवी सरकते.

त्या दुपारी रस्ता बंद झाल्यावर बर्फ काढणाऱ्या पथकाला कडेला धोक्याचा लाल त्रिकोण दिसला. त्याला चालू टॉर्च बांधलेला होता. खाली उतारावर निळी गाडी, आणि आत डोक्याला मार लागलेली, साठी उलटलेली एक माओरी बाई. निवृत्त शिक्षिका, बहिणीकडे निघालेल्या. पथकाने त्यांना बाहेर काढलं तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. गाडीच्या दारावर पांढऱ्या रंगाचा लांब ओरखडा होता. म्हणजे दुसरं वाहन होतं आणि ते निघून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या डेअरीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाच्या, मालकिणीचा फोन आला.

"किआ ओरा, सार्जंट. काल एक ट्रकवाला आला होता. एवढ्या थंडीत अंगात नुसता टी-शर्ट, तोही भिजलेला. कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून नुसता शेकत उभा होता. आणि त्याच्या पांढऱ्या ट्रकला निळा रंग घासलेला होता."

तिच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात ट्रकचा नंबर मिळाला. ट्रक ऑकलंडमधल्या ईस्ट टामाकीच्या एका डेपोतला, तिथल्याच जवळच्या पुकेकोहेचा कोबी घेऊन वेलिंग्टनला गेलेला. परतीच्या वाटेवर ड्रायव्हरला ठाण्यात बोलावलं. वय सत्तावीस-अठ्ठावीस. शिकायला आलेला, आता वर्क व्हिसावर. आडनावावरून कळलंच, मुलगा आपल्याकडचा. माझं नाव ऐकून त्याच्याही चेहऱ्यावर थोडी आशा उमटली. पण मी इंग्रजी सोडली नाही. ओळखीचा सूर लागला की जबाब सैल होतो. कॅमेरा चालू केला, गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क समजावून सांगितला.

"ट्रॅकरप्रमाणे ट्रक त्या जागी पावणेदोन तास उभा होता. काय करत होतास?"

"चाकांना चेन लावत होतो, सर."

"पावणेदोन तास?"

"वारा हेवी होता."

"निळी गाडी?"

"नाही पाहिली."

हे बोलताना तो स्वतःच्या तळव्यांकडे बघत होता. माझं मत तिथेच झालं. यानेच धडक दिली आणि उरलेला वेळ सुटका कशी करायची याचा विचार करत बसला. मी त्याला थांबवून ठेवलं आणि आरोपाची कागदपत्रं काढायला घेतली.

तेवढ्यात माझी सहकारी कॉन्स्टेबल हॉस्पिटलमधून आली. "बाई शुद्धीवर आल्यात. एक माणूस जवळ बसला होता म्हणतात. सारखं आपलं नाव सांगत होता. जपानी टूरिस्ट असावा, पण सिस्टीममध्ये सापडत नाही." तिने वही पुढे केली. त्यात इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'झोपुनाको'.

मी ते दोनदा मनात वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं आणि खुर्चीवरून उठलो.

हॉस्पिटलमध्ये बाई म्हणाल्या, "त्याने स्वतःचा कोट मला घातला. माझे हात चोळत बसला होता. डोळे मिटले की गालावर थोपटायचा आणि नाव सांगायचा. चांगला माणूस आहे, शोधा त्याला."

"ते नाव नाही," मी म्हणालो. "माझी भाषा आहे ती. तो तुम्हाला सांगत होता, झोपू नको, जागी राहा."

त्या रडता रडता हसल्या. "आणि मी दर वेळी त्याला म्हणत होते, भेटून आनंद झाला!"

ठाण्यात परतलो, पुन्हा कॅमेरा चालू केला आणि पहिल्यांदा मराठीत बोललो. "त्या बाई शुद्धीवर आल्यात. तुला शोधताहेत."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "वाचल्या ना, सर? नक्की वाचल्या ना?"

मग त्याने सगळं सांगितलं. माल वेळेत पोचवायचा म्हणून तो अडथळ्याला वळसा घालून बंद रस्त्यावर शिरला होता. अडथळा लागण्याआधीच निघालेल्या बाईंची गाडी समोर गोल फिरली, त्याच्या ट्रकला घासली आणि उतारावरून खाली गेली. फोनला रेंज नव्हती. निसरड्या चढावरून त्यांना एकट्याने वर आणणं शक्य नव्हतं.

"मग निघून का गेलास?"

"बर्फ काढणाऱ्यांचे दिवे दिसले. वर जाऊन त्रिकोण ठेवला, टॉर्च बांधला. पुढे ट्रकमध्ये बसून आरशात बघत होतो. ते थांबले, खाली उतरले, तेव्हाच निघालो. बंद रस्त्यावर शिरलो होतो, सर. व्हिसा जाईल, आईला काय सांगू, एवढंच डोक्यात होतं."

गाड्यांवरच्या खुणा त्याच्या जबाबाशी जुळल्या. बाईंनाही गाडी फिरल्याचं आठवलं. बंद रस्त्यावर शिरणं आणि अपघात न कळवता जाणं, या दोन गोष्टींसाठी मी त्याला कोर्टात उभं केलं. ते माझं कामच होतं. बाई कोणी न बोलावता आल्या आणि त्याच्या बाजूने बोलल्या. न्यायाधीशांनी त्याची चूक त्याला स्पष्ट सुनावली, पण दोषी ठरवल्याची नोंद न करता सोडलं.

बाहेर व्हरांड्यात तो बाईंच्या पाया पडायला वाकला. त्यांना हे काय चाललंय कळेना. त्यांनी त्याला खांद्यांना धरून उभं केलं आणि आपल्या रीतीप्रमाणे कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावलं. बराच वेळ दोघंही तसेच उभे होते. मी मान वळवून पार्किंगकडे बघत राहिलो.

खोटं बोलणारा गुन्हा लपवतो, असं मी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. घाबरलेला माणूस स्वतःचा चांगुलपणाही लपवतो, हे मला त्या पोरामुळे कळलं. मी ज्यांचे आभार मानतो त्यांत डेअरीची मालकीण आहे, बाई आहेत. पण सर्वांत आधी ती कॉन्स्टेबल. तिने 'परदेशी नाव, अस्पष्ट' असं लिहिलं असतं, तर धडक देऊन पळाल्याचा आरोप मी त्याच संध्याकाळी त्याच्यावर ठेवला असता.

तिला हे सांगितलं तेव्हा ती संकोचून म्हणाली, "मी फक्त ऐकू आलं तसं लिहिलं, सार्जंट."

मला मात्र उभ्या नोकरीत तसं ऐकणारी माणसं फार थोडी भेटली.