सहाव्या हाकेनंतर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. आत्ताही दार लोटून लिहायला बसलोय. ती पलीकडच्या खोलीत आहे. तिला दिसत नाही, मी काय लिहितोय ते तिला कळायचं नाही — तरी दार लोटलंय.

ती म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. लहानपणीच गोवरात डोळे गेले. शिरूर अनंतपाळला आमचं कापडाचं दुकान. अक्का बोटांनी चाचपून सांगायची, हे मांजरपाट, हे पॉपलीन — कधी चुकायची नाही. तरी गिऱ्हाईक आलं की वडील तिला आत पाठवायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. मलाही नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झालेला, आणि सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नाही. गावाजवळचं तळं पार आटलं. त्या कोरड्या तळ्यात अक्का पळायला शिकली. दगड नाही, झाड नाही, भिंत नाही. मी एका टोकाला उभा राहून हाका मारायचो, ती आवाजावर यायची. आधी हात पुढं धरून, चाचपडत. पंधरा-वीस दिवसांनी हात खाली आले. मग ती अशी यायची — कसं सांगू? — समोर काही असूच शकत नाही, अशी. काठावरून कुणीतरी ओरडायचं, "आंधळीला पळवायलास का रे शिवा, पाप लागंल!" अक्का तिथूनच, "तुमाला दिसतंय न्हवं? मग या की खाली, लावा शर्यत!" कुणी उतरायचं नाही.

जिल्ह्याच्या गावी पहिल्यांदाच अपंगांच्या स्पर्धा भरणार होत्या. नावं लिहून घ्यायला एक मास्तर आले. अंधांच्या शर्यतीची रीत त्यांनीच सांगितली — शेवटच्या रेघेपलीकडं प्रत्येकीचा एक माणूस उभा राहणार आणि ठरलेला एकच शब्द ओरडत राहणार. शब्द वेगवेगळे हवेत, म्हणजे गोंधळ होत नाही. आमचा शब्द ठरवायला वेळ लागला नाही. अक्का. दुसरं मी तिला काय म्हणणार होतो?

आता ते सांगावं लागेल, जे मघापासून टाळतोय. त्याच महिन्यात उदगीरला माझी सोयरीक जमली होती. तिकडची माणसं आली तेव्हा अक्काला मागच्या गल्लीत मावशीकडं नेऊन बसवलं. "थोरली सोलापूरकडं दिलीय," वडील म्हणाले. मी शेजारीच बसलो होतो, चहा पीत. घरात आंधळी आहे म्हटल्यावर सोयरीक मोडेल, असं आम्हाला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. आमचं आम्हीच धरून चाललो होतो. लग्न होईपर्यंत झाकलं, म्हणजे झालं.

शर्यतीच्या दिवशी मैदानाच्या कडेला पाण्याचा टँकर उभा होता, त्याच्यापुढं लोखंडी पिपं भरून ठेवलेली. चार मुली रेघेवर उभ्या राहिल्या. अक्कानं पदर खोचला. शिट्टी झाली. मी ओरडलो — अक्का! तिनं मान जराशी वळवली, आवाज धरला आणि सुटली. अक्का! अक्का! निम्म्यात आली तेव्हा ती सगळ्यांच्या पुढं होती. हात खाली, छाती पुढं. तळ्यात यायची तशीच. मी सहा हाका मारल्या. मोजून सहा. नंतर इतक्या वेळा मोजल्यात की चूक व्हायची नाही.

आणि माझ्या खांद्यावर हात पडला.

"जावईबापू! तुमी इकडं कसं काय?"

उदगीरच्या मुलीचे मामा. आडतवाले. बक्षिसाची स्टीलची ताटं त्यांनीच दिली होती, म्हणून त्यांना बोलावलेलं. मला काय ठाऊक?

सातवी हाक जिभेवर होती. ती मारली असती तर मामांना कळलं असतं. त्या शब्दातच सगळं होतं. मी तोंड मिटलं.

अक्का तशीच चार-पाच पावलं आली. मग तिची मान हलली — इकडं, तिकडं. ती मला शोधत होती. मी तिच्यापासून वीस पावलांवर होतो, आणि गप्प होतो. ती का थांबली नाही, म्हणून मी नंतर तिच्यावर मनातल्या मनात चिडलोही आहे. इतका मी हलका आहे. ती उजवीकडं गेली, पूर्ण वेगात, टँकरकडं. पिपाचा तो आवाज —

"अरारा," मामा म्हणाले. "कशाला पळवतेत हो असल्यांना? घरी बसवून खाऊ घालावं. कोण हो ती?"

"हाय आमच्या गावची एक," मी म्हणालो.

मामा मांडवाकडं वळेपर्यंत मी जागचा हललो नाही. तोवर दुसऱ्यांनीच तिला उचललं होतं. गुडघा फुटला होता, पुढचे दोन दात पडले होते, आणि ती विचारत होती, "शिवा कुठंय? शिवाला काय झालं?"

मला काय झालं, हे ती विचारत होती.

परतताना एसटीत म्हणाली, "घसा बसला का रे तुझा?"

"हाव," मी म्हणालो.

"तरी म्हणलं. वारं बी उलटंच होतं." पुढं सगळ्यांना तिनं तेच सांगितलं — वारं उलटं होतं. पुढच्या वर्षी अंधांची शर्यतच काढून टाकली, उगाच जोखीम नको म्हणून. त्या बाकीच्या तिघींचं पळणंही माझ्यापायी गेलं. त्यांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत.

लग्न झालं. घरात पाऊल टाकल्यावर बायकोनं अक्काला पाहिलं आणि म्हणाली, "यात झाकण्यासारखं काय होतं हो?" महिनाभरानं मामा घरी आले. अक्का लंगडत पाणी घेऊन आली. त्यांनी तिच्या गुडघ्याकडं पाहिलं, दातांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तांब्या घेतला. बोलले काहीच नाहीत. पुढं प्रत्येक सणाला, प्रत्येक बारशाला मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसायचो — आज बोलतील, आता बोलतील. ते वारले तेव्हा घरात रडारड चालली होती, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तेही इथं लिहून ठेवतो.

आता भीती कुणाची उरली? अक्काची. तिला कळेल याची नाही. तिला तेव्हापासूनच ठाऊक असेल, याची.

रोज संध्याकाळी ती ओसरीवर यायला निघते. उंबऱ्यात थांबून म्हणते, "शिवा, बोल की." मी लगेच म्हणतो, "अक्का." ती येते. डावा पाय ओढत, हळूहळू, माझ्या आवाजावर — आणि उजवा हात पुढं धरून.

तळ्यात तिनं हात पुढं धरायचं सोडून दिलं होतं.