थोरली घंटा

एकदाही फ्रान्सला न जाता तिथल्या एका मध्ययुगीन कॅथीड्रलचा सगळा संसार पाठ असलेला माणूस अख्ख्या सिंगापुरात एकच होता, आणि ते नेमके माझे मामेसासरे. बँकेतून निवृत्त झालेले मामा ईस्ट कोस्टच्या कॉन्डोत सकाळी पूजा करत आणि दिवसभर घंटांबद्दल बोलत. बांधकाम किती पिढ्या चाललं, छत कसं जळालं, हे ते असं सांगत, जणू त्या गवंड्यांना यांनीच चहा पाजला होता. राज्यक्रांतीत पाच घंटांपैकी चार वितळवून तोफा ओतल्या, हे मात्र ते घरातलीच माणसं गेल्यासारखं सांगत. उरली ती थोरली. माझी मुलगी एकदा अस्सल सिंगापुरी सुरात म्हणाली, "मामाआजोबा, इट्स ओन्ली अ बेल, लाह." मामा शांतपणे म्हणाले, "बाळा, तिचं बारसं झालंय. पाणी शिंपडून, नाव ठेवून."

ईस्टरच्या आधी दोन-तीन दिवस येशूच्या मृत्यूच्या शोकात तिकडच्या सगळ्याच चर्चच्या घंटा मुक्या असतात, म्हणून मामांची आरतीही घंटेविना होई आणि दारावरची बेलसुद्धा बंद राही. एका वर्षी लिटिल इंडियातून मागवलेला किराणा दारातूनच परत गेला. मामी वैतागून म्हणाल्या, "देव आपले आणि सुतक त्यांचं!"

थोरली फक्त मोठ्या सणांना वाजते. ईस्टरला तिच्याखाली उभं राहून ती एकदा ऐकायची, एवढीच मामांची इच्छा होती, आणि एकट्याने जाणं त्यांना झेपणारं नव्हतं. ते दर वर्षी विचारत, "जावईबापू, यंदा?" वन-नॉर्थच्या माझ्या ऑफिसात नेमकं तेव्हाच काहीतरी पेटलेलं असे. "पुढच्या वर्षी नक्की, मामा," असं मी पाच वर्षं म्हणालो. दरम्यान त्यांना ऐकू येणं कमी कमी होत होतं. मी फोनवर मोठ्याने बोलायला लागलो, एवढीच मी त्याची दखल घेतली. सहाव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की आता कानाच्या यंत्राचाही उपयोग नाही. माझ्या त्या 'पुढच्या वर्षी नक्की'ची मला आजही लाज वाटते.

पुढच्याच ईस्टरला ऑफिसनेच मला पॅरिसला पाठवलं. मी वाट वाकडी करून मामांच्या कॅथीड्रलला गेलो. थोरली बराच वेळ वाजली आणि मी मोबाइल उंच धरून उभा होतो. हात हलू नये, मध्ये कुणाचं डोकं येऊ नये, याच काळजीत.

परतल्यावर मामांनी मनोऱ्याचा तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग वही आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. "लिहा आता. कशी वाजते?"

व्हिडिओत नुसती वाऱ्याची घरघर होती, आणि मी स्वतः तर ऐकलंच नव्हतं. शेवटी मी लिहिलं, 'खूप मोठी आहे.'

मामांनी ते दोनदा वाचलं. "मोठी आहेच," ते म्हणाले. "दमला असाल. चहा घ्या."