मंजूर म्हणायला दुसरा माणूस

फुलपाखरं शोधायला सकाळी उठून चिखल तुडवावा लागतो. किस्से मात्र आपण काही न करता घरी चालत येतात आणि मग जात नाहीत. जबलपूरला आल्यापासून माझ्याकडे असे बरेच साठलेत. त्यातले हसण्यासारखे कमी आहेत, हे आधीच सांगते. फुलपाखरांचा ग्रुप म्हटलं की लोकांना वाटतं आम्ही बागेत टोप्या घालून गाणी म्हणत फिरतो. आम्ही थांबतो शेणाजवळ, नाल्याजवळ, मेलेल्या ढोराजवळ. फुलपाखरांची पंगत तिथेच बसते, त्याला आमचा इलाज नाही.

ग्रुप लहानसा. हरदास काका आमचे म्होरके. दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, इन्स्पेक्शनमध्ये सगळी नोकरी गेलेली. मीनल दीदी कॉलेजात बॉटनी शिकवते. तिवारीजी रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. आणि मी स्मिता, बँकेच्या बदलीत अमरावतीहून इथे येऊन पडलेली. काका जन्मापासून जबलपूरचे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि चिडले की दोन्ही एकदम.

ग्रुपचा नियम काकांनी थेट फॅक्टरीतून आणलेला. तिथे एकट्याच्या सहीने कुठलाच माल बाहेर जात नसे. तसंच इथे. एकाने फुलपाखरू पाहून नाव सांगायचं, दुसऱ्याने स्वतः पाहून ‘मंजूर’ म्हणायचं. मग ते पक्कं. दुसरा माणूस नसेल तर तुम्ही काय वाट्टेल ते पाहिलेलं असो, पाहिलंच नाही असं समजायचं.

*

एकदा डुमन्याच्या जंगलात काका चालता चालता थबकले आणि त्यांनी बोट वर केलं. वाळक्या पानासारखं दिसणारं एक फुलपाखरू असतं, ओकलीफ. पंख मिटून बसलं की हुबेहूब पान, अगदी देठासकट. आमच्याकडे ते क्वचित दिसतं, त्यामुळे त्याच्यासाठी सगळेच जीव टाकतात.

‘‘ओकलीफ,’’ काका कुजबुजले.

मीनल दीदीने दुर्बीण लावली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, ‘‘मंजूर.’’

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि ओकलीफ गिरक्या घेत खाली पडलं. पानच होतं ते.

तिवारीजी हसता हसता खाली बसले. काकांनी पान उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि दीदीकडे वळले. ‘‘तुला काय दिसलं होतं?’’

‘‘पानच वाटून राहिलं होतं, काका. पण तुम्ही म्हणाले, म्हणून...’’

‘‘मी चुकलो, ते चालतं. मी चुकेन म्हणूनच तर दुसरा माणूस ठेवलाय न. तू माझ्या तोंडाकडे पाहून मंजूर काहून म्हणते? आमच्या फॅक्टरीत असं केलं तर माणूस मरतो.’’

पावसाळा सरेपर्यंत दीदीचं मंजूर बंद झालं. गाडीत आम्ही यावरून खूप हसलो. पुढे कधीतरी हरदास काकूंनी सांगितलं, की नोकरीच्या सुरुवातीला काकांचा एक जोडीदार खरंच तसा गेला होता. त्यानंतर मात्र त्या पानाचा किस्सा सांगताना मला पूर्वीसारखं हसू येत नाही.

*

चेरीतालला तिवारीजींच्या ओळखीचं एक घर होतं. तिथले बाबूजी वारले. तेराव्याला त्यांच्या फोटोशेजारी भिंतीवर तळहाताएवढा पिवळा पतंग येऊन बसला. घरातल्यांनी उदबत्ती लावली, त्यांच्या पत्नी, आजी, हात जोडून समोर बसल्या, ‘बाबूजी आए हैं’ म्हणत सगळी गल्ली गोळा झाली. तिवारीजी कौतुकाने काकांना घेऊन गेले, पाठोपाठ मी.

पतंग टसर रेशमाचा होता. काकांनी चष्मा पुसला, जवळ जाऊन त्याच्या मिशा नीट पाहिल्या. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात, मादीच्या बारीक. गल्ली श्वास रोखून उभी.

‘‘मादा है,’’ काका म्हणाले.

 आजींचे जोडलेले हात तसेच राहिले. तिवारीजी पटकन पुढे झाले. ‘‘तो फिर बाबूजी की अम्मा होंगी, आजी. बेटे को लेने आई हैं.’’

आजींनी डोळे मिटले आणि मान हलवली. बाहेर आल्यावर काकांनी तिवारीजींना गल्लीतच धरलं. ‘‘अम्मा की पहचान किसने मंजूर की, तिवारीजी?’’

‘‘आजी ने,’’ तिवारीजी म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

*

मी पाळलेला पहिला कोष मी बँकेत नेला होता. काचेच्या बरणीत कढीपत्त्याची काडी, काडीला कोष. काउंटरवर सगळ्यांना दिसेल असा ठेवला. काळा पडायला लागला तशी मी ब्रँचभर सांगत सुटले, की आज फुलपाखरू निघणार. मॅनेजरसाहेबही चहा घेऊन येऊन बसले.

निघाल्या त्या मोहरीएवढ्या माश्या. कोषाला बारीक भोक पडलं आणि त्यातून एकेक करत बाहेर येतच राहिल्या. पेन्शनच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, ‘‘बिटिया, ये तो मच्छर हो गए.’’

मी जवळजवळ रडत काकांना फोन केला. काका म्हणाले, ‘‘कोषात त्या माशीने अंडी घातली असतील. आतलं सगळं खाऊन मग त्या निघतात. कोष काळा पडला की त्याचे दोनच अर्थ. फुलपाखरू तयार आहे, नाहीतर फुलपाखरू उरलेलंच नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच.’’

फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, ‘‘माश्या तुझ्याशिवाय कोणी पाहिल्या?’’

‘‘अख्ख्या ब्रँचने.’’

‘‘अच्छा. मग पक्कं.’’

*

हरदास काकू ग्रुपमध्ये नव्हत्या. पण त्यांच्या अंगणातल्या कढीपत्त्यावर दोन प्रकारच्या अळ्या वाढत. एकीचं होई मॉर्मन, काळंभोर, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एकच ओळ. दुसरीचं होई लाइम, काळ्यावर पिवळट ठिपकेच ठिपके आणि खाली लालसर डाग. काकूंना दोन्ही तोंडपाठ होती, भांडताना लागत म्हणून. शेजारीण कढीपत्ता मागायला आली की त्या स्वयंपाकघरातूनच ओरडत, ‘‘खालचा मॉर्मनने खाल्ला, वरचा लाइमने. तुम्ही कोथिंबीर न्या.’’

काकांचं दुःख असं, की अंगणात एकट्याने पाहिलेलं काही धरता येत नसे. दुसरा माणूस घरातच होता, पण तो मंजूर म्हणत नव्हता. ‘‘एकदा बाहेर येऊन पाहा तर,’’ काका विनवत. काकू पोळी लाटता लाटता म्हणत, ‘‘लग्न झाल्यापासून तुमचं सगळं मंजूरच करून राहिले. आता किडेही?’’

त्यांनी तो शब्द कधी उच्चारला नाही. अंगणातली कितीतरी फुलपाखरं अशी वाया गेली.

*

तिवारीजींनी शेवटच्या वर्षात ओकलीफ पाहिलं. सिहोऱ्याला भाचीकडे गेले होते, तिथे शेताच्या बांधावर. पंख उघडले तेव्हा निळा रंग दिसला, नारिंगी पट्टा दिसला, सगळं त्यांनी अगदी बरोबर सांगितलं. फोटो नाही, जवळ कोणी नाही. काका म्हणाले, ‘‘दूसरा आदमी?’’ तिवारीजी म्हणाले, ‘‘बांध पे एक भैंस थी.’’ ते ओकलीफ लटकलं ते लटकलंच. भेटले की तिवारीजी विचारत, ‘‘मेरी वाली का क्या हुआ?’’

थंडीत ते हार्ट अटॅकने गेले. ग्वारीघाटावर अग्नी दिल्यावर आम्ही पायऱ्यांवर बसलो होतो. त्यांचा मोठा मुलगा काकांजवळ आला आणि हात जोडून म्हणाला, ‘‘अंकल, पापा की वो तितली मान लीजिए न. बहुत याद करते थे.’’

दीदीने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, आता तरी. मेलेल्या माणसाच्या एका फुलपाखराने कोणाचं काय बिघडणार होतं?

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलंही नाही. ‘‘बेटा,’’ ते म्हणाले, ‘‘किसी और ने देखी नहीं.’’

मुलगा परत गेला. त्या दिवशी मी काकांशी एक शब्दही बोलले नाही आणि पुढेही बरेच दिवस मनातून राग गेला नाही.

*

पुढच्या पावसाळ्यानंतर काकूंचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, की आता काही करण्यासारखं नाही. काकांनी आम्हाला सांगितलं आणि वर बजावलं, ‘‘तिच्यासमोर अल्सर म्हणायचं. कोणी दुसरं बोललं तर माझ्या घरी येऊ नका.’’

ज्याने घाटावर मित्रासाठी नियम वाकवला नाही, तो माणूस रोज सकाळी बायकोला सांगत होता, ‘‘अल्सर भरून येऊन राहिला आहे.’’ काकू प्रत्येक वेळी एवढंच म्हणत, ‘‘अच्छा.’’ त्यांना काय कळलंय, काय नाही, ते आम्हाला कळत नव्हतं. काका बाहेर येऊन व्हरांड्यात बसून राहत, तेव्हा त्यांच्याकडे पाहवत नसे.

काकूंनी कढीपत्त्याची एक कुंडी खिडकीत आणून ठेवायला लावली. तिच्यावर मॉर्मनची एक अळी होती. दिवसभर पडल्या पडल्या त्या तिच्याकडे बघत. ‘‘इतकी वर्षं तुमच्या किड्यांची बाळंतपणं केली,’’ त्या काकांना म्हणाल्या, ‘‘पण एकही निघताना नाही पाहिलं. दर वेळी मेला कुकर लावलेला. हे मला पाहायचं आहे.’’

अळीचा कोष झाला. काकू औषध घ्यायला कुरकुर करायच्या त्या थांबल्या. कोणी आलं की आधी कोष दाखवत. मग तो काळा पडायला लागला.

एका सकाळी काकांचा फोन आला. आवाज अगदी खाली. ‘‘ती झोपली आहे. माश्या निघाल्या.’’

माझी नजर खिडकीतल्या माझ्या बरणीकडे गेली.

‘‘तुझ्याकडे कोष आहे का एखादा?’’

‘‘आहे, काका. पण तो लाइमचा आहे.’’

पलीकडे दार हळूच लोटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, ‘‘आण.’’

कमानिया गेटच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा मांडीवरची बरणी मी दोन्ही हातांनी धरून बसले होते. काकू अजून झोपलेल्याच होत्या. काकांनी जुना कोष काढला, माश्या झटकल्या आणि माझा कोष त्याच फांदीला, त्याच जागी दोऱ्याने बांधला. काम फॅक्टरीतल्यासारखं चोख.

‘‘ताजा आहे हा, काका,’’ मी हळूच म्हणाले. ‘‘दिवस लागतील. आणि निघाल्यावर तर दिसेलच की...’’

‘‘निघेपर्यंत ती...’’ काका म्हणाले आणि त्यांनी दोऱ्याची गाठ पुन्हा तपासली. ‘‘वाट पाहायला काही तरी असू दे तिला.’’

पण काकू राहिल्या. काळा कोष एका झोपेत पुन्हा हिरवा झालेला पाहून त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘अच्छा.’’ जेवण सुटलं, बोलणं कमी झालं, तरी नजर कुंडीवरच. आणि कोष पुन्हा काळा पडला, या वेळी चांगल्या अर्थाने.

मी आणि मीनल दीदी डबा घेऊन गेलो होतो, तेव्हाच कोष तडकला. काकूंनी हातानेच खूण केली, ‘‘चष्मा.’’ दीदीने त्यांना उशीला टेकवून बसवलं, चष्मा डोळ्यांवर ठेवला. ओलं, चुरगळलेलं काहीतरी फांदीवर चढलं आणि लटकून राहिलं. हळूहळू पंख भरायला लागले. काळ्यावर पिवळट ठिपके, सगळीकडे. खाली लालसर डाग. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं, त्यात सगळं स्वच्छ दिसत होतं.

काकूंनी खूप वेळ पाहिलं. पंख पुरते ताठ होईपर्यंत पाहिलं. मग मान न वळवता विचारलं, ‘‘काय आहे हो?’’

काका पलंगाच्या पायाशी उभे होते. त्यांनी दांडी धरली.

‘‘मॉर्मन,’’ ते म्हणाले.

दीदीने मान खाली घातली. मी भिंतीकडे बघत राहिले. दुसरा माणूस म्हणून आमच्यापैकी कोणाच्याही तोंडून शब्द निघेना.

काकूंनी चष्मा काढला, घडी करून काकांच्या हातात दिला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

‘‘मंजूर,’’ काकू म्हणाल्या.