दव सुकेपर्यंत

दामूकाका गेल्याचं त्यांच्या मुलीनं, वैशालीनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी वागळे इस्टेटमधल्या आमच्या बिझनेस पार्कच्या हिरवळीपाशी चहा पीत होतो. त्याला आता महिना होईल. काका तिथले माळी, मी तिथल्याच एका कंपनीत अ‍ॅडमिन सांभाळतो. बारा वर्षं रोज सकाळी आमची गाठ पडायची.

ठाण्यात कुठली आलीय थंडी, असं मी त्यांना चिडवायचो. ते मनावर घेत नसत. सप्तपर्णीचा उग्र वास ओसरला, बदामाचं पहिलं पान तांबडं झालं, हिरवळ वाढायची मंदावली, की मला हाक मारून दाखवायचे. शेपटी नाचवणारा धोबी पक्षी उतरला की त्यांचा हिवाळा पक्का. "साहेब, धोबी आयलाय बघा! कपाटातनं स्वेटर काढा." मी मोबाइलमधून मान वर न काढता "वा वा" म्हणायचो...

गेल्या हिवाळ्यात पार्कच्या मॅनेजरनं मोबाइलवर एक ग्रुप काढला. काही खटकलं की फोटो टाकायचा. मला भलताच उत्साह. एका सकाळी पावणेनऊला काका गवत कापायचं मशीन बाजूला ठेवून कट्ट्यावर ऊन खात बसलेले दिसले. मी लांबूनच फोटो काढला, खाली लिहिलं, 'गार्डनिंग स्टाफ आरामात' आणि टाकला. लोक हसले. मला बरं वाटलं. हे लिहिताना मान खाली जाते.

आठवड्याभरात ठेकेदारानं त्यांना काढून टाकलं. शेवटच्या दिवशी ते मला भेटायला आले.

"दव होतं, साहेब. ओल्या गवतावर मशीन फिरवली तं गवत मुळासकट उपटतं. दव सुकायची वाट बघत बसलेलो. फोटू कोनी काढला?"

"काय माहीत, काका." वर मी असंही म्हणालो, "लोकांना काही कामं नसतात."

माझा चेहरा पडलेला बघून त्यांनी मलाच धीर दिला... आणि चहा पाजून गेले.

दिवसकार्याला त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर हार घातलेला फोटो तोच होता. ठेकेदाराच्या माणसानं पुरावा म्हणून काकांना पाठवलेला, घरच्यांनी कडा कापून मोठा केलेला. कशाचा पुरावा, ते काकांनी घरी सांगितलं नसावं.

"पप्पांचा एवढा निवांत फोटो दुसरा नाय," वैशाली म्हणाली. "तुमच्या पार्कातल्याच कुणीतरी काढलाय. कळलं तर सांगा हां, थँक्यू म्हणायचंय."

मी मान हलवली आणि हातातलं पाणी संपवलं.

घरी येऊन मूळ फोटो उघडला. काका हसून डावीकडे बघतायत. घरच्यांनी कापून टाकलेल्या त्या कडेला, ओल्या गवतात, धोबी उभा आहे. जवळून गेलो असतो तर त्यांनी हाक मारली असती.

वैशाली, ही पुरवणी तू दर रविवारी वाचतेस, असं काका सांगायचे. तो फोटो मी काढला. थँक्यू म्हणू नकोस.